सात नंबरचा वॉल

टीव्हीवर हिरॉईन शॉवरखाली उभी राहून गाणं म्हणायला लागली की घरातली माणसं गाणं ऐकत आणि हिलाल वॉलमन खाटेवरून उठून बसे.

"हाई पानी कोनी सोडं?"

"गानं चालू शे ना, गप ऱ्हा ना जरा," त्याची बायको बेबाबाई म्हणे.

"गानं म्हनू दे तिले. पन सहा मिनिटं व्हयनात, प्रेशर जरासं बी कमी नही. ते बी वरना माळावर! म्हंजे कोनीतरी मानूस तठे चावी धरीसन हुभा व्हई का नही? त्याले दखाडा ना एकदाव."

त्याचं हे दुःख जुनं होतं. सिनेमात पोलीस असतो, डॉक्टर असतो, वकील असतो, पाकीटमाराला तर दोन-दोन गाणी असतात. भुतालासुद्धा काम मिळतं. पण पाणी सोडणारा माणूस हिरो सोडा, गर्दीतसुद्धा दिसत नाही. नळ फिरवला की पाणी येतं, जसं काही ते आपल्या मनाने येतं! असं कुठे होतं का? टेंभुर्ड्यात तरी होत नव्हतं.

टेंभुर्डे म्हणजे जळगाव-धुळे हायवेवरचं गाव. जळगावहून येणाऱ्याला ते आलं हे कळेपर्यंत मागे गेलेलं असतं, आणि धुळ्याहून येणारा तोवर झोपलेला असतो. पण गावाला नगरपालिका आहे, नगरपालिकेला पाणीपुरवठा खातं आहे, आणि खात्यात गोमती नगरच्या दोनशे तेरा घरांना पाणी सोडणारा सात नंबरचा वॉल आहे. तो वॉल बावीस वर्षं हिलालच्या हातात होता. रोजंदारीवर.

पाणी सहा दिवसांतून एकदा. त्यामुळे गोमती नगरात आठवडा सहाच दिवसांचा. "आज काय वार शे?" म्हटलं तर माणूस "पाण्याचा तिसरा" असं सांगे. पोरीला बघायला पाहुणे येणार असले की मुलीच्या बापाआधी हिलालला विचारलं जाई. श्रावणात घरात कानबाई देवी बसवायची तर शेवंताबाई आठ दिवस आधी त्याच्या दारात हजर. शेवंताबाईकडे अकरा ड्रम होते आणि गल्लीत तिचा शब्द त्या अकरा ड्रमांवर उभा होता. तिच्या मुलाच्या लग्नात पहिली पत्रिका गणपतीला गेली, दुसरी हिलालला. मामाला तिसरी गेली म्हणून मामा अजून रुसलेला आहे. दर उन्हाळ्यात ती हिलालच्या घरी ज्वारीचे बिबडे, ताटाएवढे पातळ पापड, पोचवायची, तेही न तुटलेले. तुटलेले जावयाला.

पाण्याच्या दिवशी सकाळी बरोबर सव्वासातला हिलाल सायकलवरून येई, खांद्यावर पाच फुटी लोखंडी चावी. उखर्डू आबांच्या ओट्यासमोर रस्त्यात एक झाकण. झाकणाखाली चार इंची उभा पाईप, आणि त्याच्या तळाला, साडेचार फूट खाली, वॉल. तो वॉल हिलालने स्वतःही कधी बघितलेला नव्हता. चावी आत सोडायची, खाली ती खटकन बसायची, मग डावीकडे चौदा फेरे, आणि दोन तासांनी बंद करताना उजवीकडे तेवढेच. ना तेरा, ना पंधरा. मग चावीला कान लावायचा. लोखंडातून आवाज यायचा... घूंऽऽऽ.

"उना!" हिलाल म्हणे. म्हणजे, आला आवाज.

"उना का?" ओट्यावरून आबा विचारत. हेही बावीस वर्षं.

मग हिलाल खिशातून मोबाईल काढून टेकडीवरच्या टाकीला मिस कॉल देई. दोन रिंगा, कट. हा खात्याचा नियम. मोबाईल नव्हते तेव्हा तो कोपऱ्यावरच्या पीसीओतून दोन रिंगा द्यायचा. टाकीवर मगन नावाचा माणूस होता, त्याच्या रजिस्टरात आपली हजेरी लागते, अशी हिलालची समजूत. पाच मिनिटांत नळ खोकायला लागत, थुंकत, आणि मग धो धो. गल्लीतल्या बायका पदर खोचत आणि हिलाल आबांच्या ओट्यावर बसून चहा पीत गल्लीकडे असा बघे, की धरण बांधणाऱ्यानेसुद्धा कधी तसं बघितलं नसेल.

येत्या चैत्रात त्याला अठ्ठावन्न पूर्ण होणार होती. रोजंदारीचा माणूस अठ्ठावन्नाला नारळ घेऊन घरी जातो, पेन्शन-बिन्शन काही नाही. आणि नेमकी त्याच वर्षी ऑर्डर निघाली, की सगळ्या वॉलमनना कायम करायचं. अट एकच. पडताळणी. वॉल उघडा करून बघायचा, चालू आहे याची खात्री करायची, माणसाचं आणि वॉलचं एकत्र व्हिडिओ शूटिंग करायचं आणि फाईल वर पाठवायची. बाकीचे पाच वॉलमन पास झाले होते. उरले हिलाल आणि टाकीवरचा मगन.

"कायम व्हयनू ना डिंपलनी माय," हिलाल बायकोला म्हणाला, "ते ऑर्डर फ्रेम करीसन आठे लावसू. घड्याळना जागे."

"अन घड्याळ?"

"घड्याळले कोन इचारस? माले इचारतस लोके."

पडताळणी पाण्याच्याच दिवशी ठेवली होती. हिलालने लेकीच्या, डिंपलच्या, लग्नात शिवलेला सफारी घातला. बेबाबाईने त्या लोखंडी चावीला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. गल्लीने उखर्डू आबांच्या ओट्याला रांगोळी काढली. सातच्या ठोक्याला जीप आली, मागे जेसीबी आला.

जीपमधून उतरल्या मेघा चौधरी मॅडम, कनिष्ठ अभियंता. मूळच्या सावद्याच्या, केळीच्या बागेत ड्रिपच्या नळ्यांवरून उड्या मारत वाढलेल्या. पाईप बघितला की तो कुठून आला आणि कुठे गेला हे शोधल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि सगळ्या गोंधळाला हीच सवय कारण झाली. त्यांच्या मागून उतरला हेमराज. धुळ्याचा, लग्नाचं शूटिंग करणारा. खात्याला तोच स्वस्तात मिळाला होता.

"काका, तुम्ही चावी खांद्यावर घेऊन तिकडून चालत या," हेमराज म्हणाला. "स्लो मोशन घेतो. एकदम हिरो एन्ट्री."

हिलालने चावी खाली टेकवली. "हिरो?"

"मग! वॉलमनवर कोणी पिक्चर केलाय का आजपर्यंत?"

"नही ना! मी बावीस वरीसपाइन तेच सांगी ऱ्हायनू!"

हिलाल आला. मागे वळून बघितलं, हेमराजने सांगितलं म्हणून. केसांवरून हात फिरवला, केस नव्हते तरी. चावी आत सोडली, खटकन बसली. चौदा फेरे. कान लावला.

"उना!"

"उना का?" आबा आज जरा कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले.

मिस कॉल गेला. पाच मिनिटांत शेवंताबाईच्या नळाला धार लागली आणि गल्लीने टाळ्या वाजवल्या. मॅडमनीही वाजवल्या. मग त्या म्हणाल्या, "छान. आता खणा. पाणी चालू असतानाच वॉल बघायचा आहे."

जेसीबीने अलगद डांबर उचललं, मग मुरूम, मग काळी माती. चार फुटांवर दोन माणसं कुदळी घेऊन उतरली. हेमराज खड्ड्याच्या काठावर पालथा पडून कॅमेरा आत रोखून होता. हिलाल काठाशी सफारीची बटणं सारखी करत उभा. बावीस वर्षांनी भेट होणार होती.

माती बाजूला झाली. वॉल दिसला.

वॉल चांगला होता. बिडाचा, जाड, चावी बसते तिथे घासून चकचकीत झालेला. फक्त त्याच्या डाव्या बाजूला हातभर पाईप होता आणि त्या पाईपच्या तोंडात गोणपाट कोंबून वर एक धोंडा बसवलेला होता. उजव्या बाजूला तेवढंही नव्हतं. उजव्या बाजूला कडुनिंबाचं मूळ होतं. भुईमुगाची शेंग मातीत पडून असावी तसा सात नंबरचा वॉल मातीत पडून होता, अलीकडून कशाला जोडलेला नाही, पलीकडून कशाला जोडलेला नाही.

आणि समोर शेवंताबाईचा सहावा ड्रम भरत होता.

जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं, जसं काही मयतावर आलोय.

"पुन्हा फिरवा बरं," मेघा मॅडम हळूच म्हणाल्या.

हिलालने चावी फिरवली. खड्ड्यात सगळ्यांसमोर वॉलच्या पोटातली लोखंडी जीभ खाली-वर झाली. मातीतून मातीत.

"आवाज..." हिलाल म्हणाला. "आवाज येस मॅडम. कान लावा तुमी."

मॅडमनी चावीला कान लावला. घूंऽऽऽ. आवाज होता खरा. मॅडमनी डोकं वर केलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि आबांच्या भिंतीमागच्या पत्र्याच्या शेडकडे बोट केलं. "तिथे काय आहे?"

"सुगंधाबाईनी पिठनी गिरनी," आबा म्हणाले.

"जरा बंद करायला सांगा."

गिरणी बंद झाली. मॅडमनी पुन्हा कान लावला. मग चावी हिलालकडे दिली. हिलालने कान लावला. त्याला आयुष्यात पहिल्यांदा लोखंड ऐकू आलं, नुसतं लोखंड.

सुगंधाबाईची गिरणी रोज सात वाजता सुरू व्हायची. आणि लाईट नसली की गिरणी बंद, पण लाईट नसली की नदीवरची मोटारही बंद, म्हणजे पाणीही नाही. त्यामुळे ज्या दिवशी आवाज नाही त्या दिवशी पाणी नाही, हे बावीस वर्षांत एकदाही खोटं ठरलं नव्हतं. हिलालने तरी काय समजायचं?

"काका, चेहरा असाच ठेवा," हेमराज खड्ड्याच्या काठावरून म्हणाला. "क्लोजअप घेतोय. जबरदस्त आलाय."

मॅडमनी जीपमधून जुना नकाशा आणला, बॉनेटवर पसरला. गोमती नगरची नवी लाईन मागच्या बोळातून टाकलेली होती. जुनी तोडली होती. सात नंबरचा वॉल मात्र काढायचा राहिला, कारण त्याच्यावरचं झाकण रस्त्याच्या कामात होतं आणि रस्त्याचं काम दुसऱ्या खात्याचं. तारीख बघून मॅडमनी विचारलं, "हिलालभाऊ, तुम्ही कामाला कधी लागलात?"

"दिवाळी व्हयनी अन लागनू."

"लाईन दसऱ्याला तोडलीय."

आता कुठे गल्लीला वाचा फुटली. उखर्डू आबा ओट्यावरून उभे राहिले. "म्हंजे पाईप नही अन पानी येस? बावीस वरीस? हाऊ ते चमत्कार शे!" आणि त्यांनी खरंच हिलालला हात जोडले.

"कसाना चमत्कार!" शेवंताबाई कडाडली. "मी ह्याले बावीस वरीस बिबडा दिधात! ना तुटेल! जवाईले तुटेल दिधात अन ह्याले आख्खा! हाऊ मातीमा चावी फिरायी ऱ्हायंता!"

मेघा मॅडम मनाने वाईट नव्हत्या. पण फॉर्मवर रकाना होता. त्यांनी लिहिलं, 'सदर वॉल निरुपयोगी. सदर पदाची आवश्यकता नाही.' जेसीबीने वरचा उभा पाईप उपटून बाजूला टाकला, खड्डा बुजवला, दोनदा वर चढून दाबला. झेंडूची माळ घातलेली चावी सायकलला बांधून हिलाल घरी गेला. सायकलवर बसला नाही, हातात धरून गेला.

पुढचे पाच दिवस तो खाटेवर बसून आपल्या हातांकडे बघत होता.

"डिंपलनी माय, मी काय फिरावत व्हतू व?"

"जाऊ द्या ना."

"चौदा फेरा. कडाकानी थंडीमा. मन्ही माय गयी त्या दिन बी मी आधी पानी सोडं, मंग खांदा दिधा. काय सोडं मी?"

बेबाबाईने त्याच्यासमोर चहा ठेवला. "तुमले कधी शक नही उना?"

"आवाज येये ना!"

"माले सांगतात ते घरमाच घरघंटी लई लेतू. इतला लांब जावानं काम नव्हतं."

हिलाल हसला नाही. चौथ्या दिवशी तो दाढी करायला गेला तर वना न्हावी वस्तरा हातात घेऊन म्हणाला, "हिलालभो, जरा दख बरं, हाऊ कोठे जोडेल शे का?" दुकानातली सगळी माणसं हसली. हिलाल अर्धी दाढी तशीच ठेवून उठून आला.

सहावा दिवस उजाडला. पाण्याचा दिवस. सव्वासातला हिलाल अर्ध्या दाढीनिशी खाटेवर होता. गोमती नगर पदर खोचून नळाशी होतं. साडेसात झाले. आठ झाले. नळ खोकलेसुद्धा नाहीत. नऊ वाजता शेवंताबाईने अकरा ड्रम वाजवून बघितले, अकराही बोलले. दहा वाजता अख्खी गल्ली हिलालच्या दारात.

"हिलाल, पानी सोड!"

"कोठून सोडू?" हिलाल दारातूनच म्हणाला. "माले हात शेतस. वॉल नही."

"मंग पानी का नही उनं?"

"ते त्या पाईपले इचारा ना. मी कोन शे?"

"हाऊ मुद्दाम करी ऱ्हायना," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"आरे, बावीस वरीस मी काहीच करं नही म्हंतस ना तुमी?" हिलालचा आवाज चढला. "मंग आज बी काहीच नही करं! तेच करं जे रोज करू!"

हिशोब बरोबर होता. फोन गेला, जीप आली. मेघा मॅडमनी मागच्या बोळातली नवी लाईन बघितली, चांगली होती. नदीवर मोटार चालू, टेकडीवरची टाकी भरलेली, पार ओसंडून वाहत होती. "चला टाकीवर," मॅडम म्हणाल्या. "हिलालभाऊ, तुम्हीसुद्धा." जीपमध्ये मॅडम, हिलाल, न बोलावता चढलेली शेवंताबाई, आणि 'फाईल पूर्ण करायची आहे' म्हणून कॅमेरा घेऊन पुन्हा आलेला हेमराज.

टाकीखाली पत्र्याच्या खोलीत मगन स्टुलावर बसला होता. समोर दुसरं स्टूल, त्यावर त्याचा मोबाईल, मोबाईलसमोर उदबत्ती. हिलालला बघून तो धडपडत उठला.

"हिलालभो! जित्ता शे ना तू! मी सकायपाइन दखी ऱ्हायनू. सव्वासात गयात, आठ गयात... मी म्हनं, काही बरंवाईट व्हयनं का काय. उदबत्ती लायी बाप्पा."

"मगनभाऊ, पाणी का सोडलं नाही?" मॅडमनी विचारलं.

"पानी मी कोठे सोडस मॅडम? पानी हिलालभो सोडस. मन्हा वॉल नुसता प्रेशरना शे."

"हिलालभाऊंचा वॉल कशालाच जोडलेला नाही. तुमच्याच वॉलने गोमती नगरला पाणी जातं. नकाशात तसंच आहे."

मगन स्टुलावर बसला. स्टूल मोबाईलचं होतं, मोबाईल खाली पडला. "मी?" तो म्हणाला. "पानी... मी सोडस?" त्याने हिलालकडे बघितलं. हिलालने त्याच्याकडे. दोघे बावीस वर्षं एकमेकांना ओळखत होते. प्रत्येक लग्नात एका पंगतीत बसले होते. भरीत कोणत्या वांग्याचं चांगलं यावर त्यांचं एकदा तासभर भांडण झालं होतं. पण तू तिकडे नेमकं काय करतोस, हे कोणी कोणाला विचारलं नव्हतं. कामाचं कोण बोलतं?

"मग तुम्ही तुमचा वॉल उघडता कधी?" मॅडमनी विचारलं.

"हिलालभोना मिस कॉल उना का. बंद मातर दोन तासमा, घड्याळ दखीसन."

"आणि नाही आला तर?"

मगनने भिंतीकडे बोट केलं. तिथे प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक पिवळा पडलेला कागद होता. जुन्या साहेबांची सही, गोल शिक्का. 'गोमती नगर वॉल क्र. ७ वरील कर्मचाऱ्याचा इशारा आल्याखेरीज टाकीवरील वॉल उघडू नये. कसूर झाल्यास कारवाई.' लाईन तोडली होती. कागद तोडायचा राहिला होता.

हिलालने तो कागद वाचला. पुन्हा वाचला. ओठ हलवत, बोट फिरवत वाचला. म्हणजे ती हजेरी नव्हती. बावीस वर्षं दोन रिंगा दिल्या, त्या...

"बरं, आता मी सांगते," मॅडम घाईने म्हणाल्या. "उघडा तुमचा वॉल."

मगन कानकोंडा झाला. "मॅडम, तुमी साहेब शेतस. पन कागदमा तुमनं नाव नही. मन्ही पडताळनी आठ दिनवर उनी. आज नियम मोडा अन कायम व्हवानं ऱ्हायनं ते?"

"मग कागद बदलू."

"त्याले ठराव लागस ना."

ठरावाला सभा लागते. मागच्या सभेला माणसं जमली नव्हती, आणि पुढची निवडणुकीनंतर. मॅडमनी बोटांवर महिने मोजले आणि शेवंताबाईकडे बघितलं. शेवंताबाईच्या डोळ्यांत अकरा रिकामे ड्रम दिसत होते.

"हिलालभाऊ," मॅडम म्हणाल्या, "एक मिस कॉल द्या."

सगळे हिलालकडे बघायला लागले. हेमराजने कॅमेरा वर केला. हिलालने खिशातून मोबाईल काढला. नंबरावर अंगठा नेला. मग मोबाईल परत खिशात ठेवला.

"चावी फिरायाबिगर?"

"अहो, ती चावी फिरवली काय आणि..."

"मॅडम," हिलाल म्हणाला, "बावीस वरीसमा मी एक बी खोटा मिस कॉल देयेल नही. आधी चौदा फेरा, मंग कान, मंग फोन. फिरायाबिगर देना म्हंजे खोटं बोलनं. ते माले जमाव नही."

"पण तो वॉल कशालाच जोडलेला नाही!"

"मिस कॉलले जोडेल शे ना!"

सावद्यात ड्रिप, जळगावात इंजिनिअरिंगची चार वर्षं, आणि त्यातल्या कोणत्याच पुस्तकात याला उत्तर नव्हतं. शेवंताबाईने मात्र मधेच पदर सरसावला. "आवं मॅडम, बठ्ठी गल्ली तहानेल शे. त्याले फिरावू द्या ना काय फिरावनं ते!"

साडेबाराला जेसीबी परत आला. सहा दिवसांपूर्वी दाबून बुजवलेला खड्डा पुन्हा खणला. गवंडी बोलावला, विटांचं चेंबर बांधलं, उपटलेला उभा पाईप पुन्हा बसवला. मेघा मॅडम स्वतः टेप धरून उभ्या होत्या. दोनशे तेरा घरांतली माणसं हंडे घेऊन भोवती, उखर्डू आबा ओट्यावर पुढे सरकून. एका वॉलला कशालाही न जोडण्यासाठी एवढी मेहनत टेंभुर्ड्यात आधी कोणी घेतली नव्हती.

चार वाजता हिलाल आला. उरलेली अर्धी दाढी केलेली, सफारी घातलेला. चावी आत सोडली आणि एकदम थबकला.

"आता काय?" मॅडम.

"उघडाच शे! त्या दिनपाइन बंदच कया नही!" सहा दिवस आपला वॉल उघडा राहिला होता. त्याने आधी उजवीकडे चौदा फेरे देऊन तो नीट बंद केला. हुश्श केलं. मग डावीकडे चौदा. गल्ली मनात मोजत होती. मग त्याने कान लावला, आणि त्याचा चेहरा पडला.

"आवाज नही."

"कसला आवा..." मॅडम थांबल्या. सुगंधाबाई हंडा घेऊन पुढच्या रांगेतच उभी होती. मॅडमनी डोळे मिटले, एक श्वास घेतला, आणि शिकलेल्या बाईने आयुष्यात कधी दिली नसेल अशी आरोळी दिली. "सुगंधाबाई, गिरणी चालू करा!"

सुगंधाबाई हंडा टाकून पळाली. गिरणीत दळायला दाणा नव्हता, नुसते दगड फिरले. घूंऽऽऽ.

"उना!" हिलाल म्हणाला.

"उना का?" आबा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

दोन रिंगा. कट. पाच मिनिटं कोणी श्वास घेतला नाही. मग नळ खोकले.

मेघा मॅडमनी त्याच संध्याकाळी फॉर्म बदलला. 'वॉल कशास जोडलेला आहे' या रकान्यात बराच वेळ पेन धरून शेवटी 'टाकीस' असं लिहिलं, आणि ते खोटं आहे असं त्यांना कोणी सिद्ध करून दाखवावं. वीस दिवसांत ऑर्डर आली. हिलाल कायम झाला. घड्याळ खाली उतरलं, फ्रेम वर चढली. शेवंताबाईने बिबडे पाठवले, आख्खे.

मधे मगनचीही पडताळणी झाली. जेसीबी टेकडीवर आला, दात मातीला लागले. मगन हात जोडून उभा होता. मेघा मॅडमनी टाकीकडे बघितलं, मगनच्या वॉलकडे बघितलं, दूर कुठेतरी कापसाच्या जिनिंग मिलचा घूं घूं आवाज येत होता तो जरा वेळ ऐकला, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "नको," त्या म्हणाल्या. "खणू नका. चालू आहे. लिहा, चालू आहे." जेसीबी तसाच मागे मागे गेला.

महिन्याने हेमराजची सीडी आली. एडिटिंगला त्याच्याकडे लग्नाचाच साचा होता, त्यामुळे जेसीबीवर गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या, आणि खड्डा एका मोठ्या लाल बदामाच्या आत होता. पण हिरो हिलालच होता, शेवटपर्यंत. चावी खांद्यावर, सफारी, स्लो मोशन. हिलाल आयुष्यात पहिल्यांदा अख्खा पिक्चर एक शब्द न बोलता बघत होता. बेबाबाईला नवल वाटलं.

शेवटी शेवंताबाईचा नळ आला. मोठा क्लोजअप. पाणी असं काही उसळलं की पडद्यावरून घरात येतं की काय.

"हाई पानी कोनी सोडं?" हिलालच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

त्याने फ्रेमकडे बघितलं, आपल्या हातांकडे बघितलं, मग मोबाईलकडे. बेबाबाई या वेळी त्याला गप राहा म्हणाली नाही. तीही वळून उत्तराची वाट बघत होती.